जावा बिघडलेलं नसतं: अँड्रॉइड बिल्डमधल्या व्हर्जन-एररविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२४ च्या उत्तरार्धात अँड्रॉइड स्टुडिओचं ‘लेडीबग’ हे व्हर्जन आलं आणि फ्लटरवर काम करणाऱ्या अनेकांचे आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चालणारे प्रोजेक्ट बिल्ड होईनासे झाले. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नाही. तरी रन केलं की लाल अक्षरांत ‘बग!’ असा शब्द, त्यापुढे ‘एक्सेप्शन इन फेज सिमँटिक ॲनालिसिस’ आणि शेवटी ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’. नवख्या माणसाला वाटतं, आपल्या ॲपमध्येच काहीतरी मोठं चुकलंय. प्रत्यक्षात बिल्डने ॲपच्या कोडला अजून हातही लावलेला नसतो.

झालं होतं एवढंच, की आधीच्या ‘कोआला’पर्यंत स्टुडिओबरोबर जावा १७ यायचं आणि लेडीबगबरोबर जावा २१ आलं. जुन्या प्रोजेक्टमधल्या ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनाला २१ वाचता येत नव्हतं. दुरुस्ती छोटीशी होती. पण लोकांनी स्टुडिओ काढून पुन्हा टाकला, एसडीके पुन्हा उतरवलं, काहींनी विंडोजसुद्धा नव्याने टाकून पाहिलं. यात वेळ जातो, डेटा जातो आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सादर करायचा असेल तर धीरही सुटतो. हा त्रास टाळता येण्यासारखा आहे म्हणून त्यामागचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज: माझं ॲप डार्टमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये आहे, त्याचा जावाशी संबंध नाही

फ्लटर असो, रिॲक्ट नेटिव्ह असो की निव्वळ कोटलिन, अँड्रॉइडची एपीके किंवा बंडल फाइल शेवटी तयार करतं ते ग्रेडल. आणि ग्रेडल हा स्वतःच जावावर चालणारा प्रोग्राम आहे. तुम्ही जावाची एकही ओळ लिहिली नसली तरी बिल्ड सुरू करताना जावा लागतंच. रिॲक्ट नेटिव्हने ०.७३ या व्हर्जनपासून अँड्रॉइड बिल्डसाठी जावा १७ आवश्यक केलं ते याच कारणाने.

उलट बाजूही लक्षात घ्या. हे जावा फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर लागतं. फोनवर जावाचं यंत्र नसतंच. डी८ नावाचं साधन क्लास फाइलींचं डेक्स स्वरूपात रूपांतर करतं आणि फोनवरचं अँड्रॉइड रनटाइम ते चालवतं. त्यामुळे ‘मी जावा १७ वर बिल्ड केलं तर जुन्या फोनवर ॲप चालणार नाही’ ही भीती निराधार आहे. जुन्या फोनवर ॲप चालेल की नाही, हे मिनिमम एसडीकेच्या आकड्यावर ठरतं.

गैरसमज: टर्मिनलमध्ये जावाचं व्हर्जन विचारलं, १७ आलं, म्हणजे बिल्ड १७ वरच होतंय

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका मशीनवर जावाच्या तीन-चार प्रती सुखाने नांदतात. त्यातली कोणती वापरायची हे प्रत्येक साधन आपापल्या नियमाने ठरवतं. टर्मिनलमध्ये नुसतं ‘जावा’ टाइप केलं की पाथ या व्हेरिएबलमध्ये जे आधी सापडेल ते उत्तर देतं. ग्रेडलची रॅपर स्क्रिप्ट आधी ‘जावा_होम’ बघते आणि ते नसेल तरच पाथकडे वळते. निव्वळ कोटलिनच्या प्रोजेक्टमध्ये अँड्रॉइड स्टुडिओचं हिरवं रनचं बटण यांपैकी कशालाच बांधलेलं नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड टूल्स’ खाली ‘ग्रेडल’ आणि तिथे ‘ग्रेडल जेडीके’ असा वेगळा रकाना असतो, त्यात जे निवडलेलं असेल ते चालतं. फ्लटरचा क्रम आणखी निराळा. ते पहिल्यांदा स्वतःच्या कॉन्फिगमध्ये जेडीकेचा पत्ता दिलाय का ते पाहतं. तो नसेल तर अँड्रॉइड स्टुडिओबरोबर आलेलं जावा उचलतं, स्टुडिओ नसेल तर जावा_होम आणि तेही नसेल तर पाथ. म्हणजे स्टुडिओ टाकलेला असेल तर जावा_होममध्ये तुम्ही काहीही लिहा, फ्लटर तिकडे ढुंकूनही बघत नाही. लेडीबगच्या वेळी ‘मी जावा_होम १७ ला सेट केलं तरी ६५ च येतंय’ अशी तक्रार होती, तिचं उत्तर हेच.

विंडोजचा एक नेहमीचा लॅपटॉप घ्या. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी कधीतरी ऑरेकलचं जावा ८ टाकलेलं. पुढे कुठल्याशा कोर्ससाठी जेडीके ११ टाकून जावा_होम त्याकडे वळवलेलं. मग अँड्रॉइड स्टुडिओ आला, त्याच्या फोल्डरात ‘जेबीआर’ नावाचं जावा २१. आता टर्मिनलमध्ये व्हर्जन विचारा, उत्तर येईल ८, कारण ऑरेकलचा इन्स्टॉलर स्वतःचं ‘जावापाथ’ हे फोल्डर पाथच्या सुरुवातीला घालतो. रॅपर स्क्रिप्ट चालवा, ती ११ वर चालेल. फ्लटर रन करा, २१ वर. तिन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त विचारणारा दर वेळी वेगळा आहे.

मॅकवर आणखी एक खोच आहे. ‘झेडएसएचआरसी’ फाइलमध्ये लिहिलेलं जावा_होम टर्मिनलला दिसतं, पण डॉकवरून उघडलेल्या ॲपला ते दिसेलच असं नाही. लिनक्सवर ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने जावा बदललं की ‘जावा’ ही कमांड बदलते, जावा_होम जिथल्या तिथे राहतं. आणि विंडोजवर व्हेरिएबल बदलल्यावर आधीपासून उघड्या असलेल्या खिडक्यांना त्याचा पत्ताच नसतो. व्हीएस कोडच्या आतलं टर्मिनल बंद करून पुन्हा उघडणं पुरत नाही, अख्खा व्हीएस कोड बंद करून सुरू करावा लागतो.

तेव्हा प्रश्न ‘माझ्याकडे जावा कोणतं आहे’ हा नाहीच. ‘ग्रेडल या घडीला कोणत्या जावावर चालतंय’ हा आहे. फ्लटरवाल्यांनी ‘फ्लटर डॉक्टर’ ही कमांड ‘-व्ही’ जोडून चालवावी. अँड्रॉइड टूलचेनच्या खाली जावाचा पूर्ण पत्ता आणि व्हर्जन दोन्ही छापून येतं. इतरांनी प्रोजेक्टच्या अँड्रॉइड फोल्डरात जाऊन ग्रेडल रॅपरला ‘--व्हर्जन’ विचारावं. त्यात ग्रेडलचा आकडा येतो आणि जेव्हीएमचाही. दोन्ही कागदावर लिहून घ्या, पुढे लागतील.

इथे एक इशारा. फ्लटर डॉक्टरने सगळीकडे हिरवी टिक दिली म्हणजे प्रोजेक्ट बिल्ड होईल, असं नाही. डॉक्टर तुमचं मशीन तपासतो. प्रोजेक्टमधल्या ग्रेडलचं आणि त्या जावाचं जमतं का, हे तो पाहत नाही. ते पाहायचं तर प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘फ्लटर ॲनालाइझ’ ही कमांड ‘--सजेशन्स’ जोडून चालवावी.

गैरसमज: ६५, ६१, ५५ हे एरर कोड आहेत

हे आकडे कळले की निम्मं काम झालं, इतके ते सरळ आहेत. जावाचा कंपायलर जी क्लास फाइल तयार करतो तिच्या पहिल्या चार बाइट्समध्ये ठरलेली खूण असते. हेक्समध्ये वाचली तर ‘कॅफेबेब’ अशी अक्षरं दिसतात. पुढचे दोन बाइट मायनर व्हर्जनचे. त्यानंतरच्या दोन बाइट्समध्ये, म्हणजे सातव्या-आठव्यात, मेजर व्हर्जन लिहिलेलं असतं. जावा ८ साठी ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१, २१ साठी ६५. लक्षात ठेवायची सोपी युक्ती: आकड्यातून ४४ वजा करा, जावाचं व्हर्जन मिळतं.

आता एरर पुन्हा वाचा. ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’ म्हणजे: मला जावा २१ च्या फाइली दिसताहेत आणि त्या मला वाचता येत नाहीत. हे बोलतंय ग्रेडलच्या आतलं ग्रूव्ही. बिल्डची स्क्रिप्ट समजून घेताना त्याला ज्या जावावर आपण चालतोय त्याच्या क्लास फाइलीही उघडाव्या लागतात, आणि तिथेच ते अडतं. म्हणून या एररमध्ये जावा नवं असतं आणि ग्रेडल जुनं.

दुसरा एरर दिसायला असाच, पण अर्थाने नेमका उलटा. ‘क्लास फाइल व्हर्जन ६१.०’ अशी फाइल आहे आणि हे जावा रनटाइम ‘५५.० पर्यंतच’ ओळखतं, असं त्यात म्हटलेलं असतं. इथे अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन १७ साठी तयार झालंय आणि तुम्ही ते ११ वर चालवताय. जावा जुनं, साधनं नवी. हेच कधी अधिक स्पष्ट भाषेत येतं: अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनला जावा १७ लागतं, तुम्ही ११ वापरताय. त्याच संदेशात जावाचा पत्ता आणि बदल कुठे करायचा त्याच्या तीन जागाही दिलेल्या असतात. इतका पूर्ण सल्ला देणारा एरर क्वचितच मिळतो. पण लोक पहिली लाल ओळ वाचून खिडकी बंद करतात, याचं वाईट वाटतं.

या दोन एररवर एकच औषध चालत नाही, उलट एकाचं औषध दुसऱ्याला मारक ठरतं. पहिल्यात जावा खाली आणायचं किंवा ग्रेडल वर न्यायचं, दुसऱ्यात जावा वर न्यायचं. मित्राच्या मशीनवर चाललेला उपाय आपल्याकडे चालत नाही तो यामुळेच.

गैरसमज: सगळ्यात नवं जावा टाकलं की प्रश्न मिटतो. किंवा, जावा ८ च बरं होतं

दोन्ही चूक. तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो: जावा, ग्रेडल आणि अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन. प्लगइन जावाची किमान पायरी ठरवतं. ७.० पासून जावा ११ लागतं, ८.० पासून १७. ग्रेडल कमाल पायरी ठरवतं. जावा १७ वर चालायला ग्रेडल ७.३ किंवा पुढचं हवं, जावा २१ वर चालायला ८.५ किंवा पुढचं. आणि प्लगइनला स्वतःलाही किमान एक ग्रेडल लागतं. प्लगइन ८.० ला ग्रेडल ८.० आणि ८.७ ला ८.९. ग्रेडल ९ ने तर स्वतः चालण्यासाठीच जावा १७ ची अट घातली आहे, त्यामुळे जावा ८ कडे परत जाण्याची वाट आता बंद झाली आहे.

ज्या प्रोजेक्टमध्ये ग्रेडल ७.६ आणि प्लगइन ७.३ आहे, त्याला जावा ११ ते १९ पर्यंत काहीही चालतं, २१ चालत नाही. लेडीबगच्या लाटेत सापडलेले बहुतेक प्रोजेक्ट साधारण याच वयाचे होते. त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक, जेडीके १७ वेगळं टाकायचं आणि ‘फ्लटर कॉन्फिग’ या कमांडला ‘--जेडीके-डिर’ जोडून त्याचा पत्ता द्यायचा. दोन, ग्रेडल आणि प्लगइन दोन्ही वर न्यायचे. दुसरा रस्ता पुढेमागे घ्यावाच लागतो, पण त्यात खाचखळगे आहेत. प्लगइन ८.० पासून प्रत्येक मॉड्यूलला नेमस्पेस लिहावा लागतो आणि जुन्या, कुणी न सांभाळलेल्या फ्लटर प्लगइन्समध्ये तो नसतो. शिवाय ग्रेडल ८.५ करूनही प्लगइन ८.२.१ च्या खालचं राहिलं, तर जावा २१ वर ‘जेलिंक’चा एरर पुढ्यात येतो. ६५ गेला आणि हा आला, म्हणून माणूस खचतो. माझं स्पष्ट मत असं, की रिलीज किंवा सादरीकरण तोंडावर असेल तर १७ वर या आणि काम संपवा. वर चढायचं काम नंतर वेगळ्या ब्रँचवर, सावकाश करा.

जावा ८ चा आग्रह आला तो जुन्या सल्ल्यांतून. ‘एसडीके मॅनेजर’ चालवताना एक्सएमएल बाइंडविषयी एरर आला की ‘जावा ८ टाका’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तो एरर येतो कारण जुन्या एसडीके टूल्सना लागणारा तो भाग जावा ११ मधून काढून टाकला आहे. खरा उपाय म्हणजे एसडीकेची नवी ‘कमांड-लाइन टूल्स’ टाकणं. जावा ८ टाकलं तर एसडीके मॅनेजर चालेल, पण बिल्ड बंद पडेल. तसंच ‘जावा.बेस मॉड्यूल अमुक पॅकेज उघडत नाही’ अशा अर्थाचा लांबलचक एरर दिसला तर तोही जुन्या ग्रेडलचाच. जावा १६ आणि १७ ने आपल्या आतल्या भागांना बाहेरून हात लावणं बंद केलं, आणि जुनी साधनं तिथे हात घालत होती.

गैरसमज: बिल्ड फाइलमध्ये १.८ लिहिलंय, म्हणजे जावा ८ लागणार

‘सोर्स कंपॅटिबिलिटी’, ‘टार्गेट कंपॅटिबिलिटी’ आणि कोटलिनचं ‘जेव्हीएम टार्गेट’ या ओळी सांगतात की कोड कोणत्या पातळीचा समजायचा आणि क्लास फाइल कोणत्या पातळीची काढायची. ग्रेडल कोणत्या जावावर चालेल हे त्या ठरवत नाहीत. जेडीके १७ वर चालूनही १.८ च्या पातळीचा माल काढता येतो. उलट तिथे १७ लिहिलं म्हणून मशीनवरचं ११ आपोआप १७ होत नाही. टूलचेनचंही तसंच. ‘जेव्हीएम टूलचेन १७’ लिहिलं तर कंपाइल करायला १७ वापरलं जातं, पण ग्रेडल स्वतः ज्यावर चालतंय ते तेच राहतं, आणि प्लगइनची अट ग्रेडल ज्यावर चालतंय त्या जावाला आहे.

या ओळींची खरी कटकट वेगळी. जावाच्या टास्कमध्ये १.८ आणि कोटलिनच्या टास्कमध्ये १७ राहिलं, की ‘इनकन्सिस्टंट जेव्हीएम टार्गेट’ असा एरर येतो. दोन्हीकडे एकच आकडा लिहा, मिटतं. एररमध्ये तुमच्या मॉड्यूलऐवजी एखाद्या फ्लटर प्लगइनचं नाव असेल तर आधी त्या प्लगइनचं नवं व्हर्जन घ्या. आणि ‘सोर्स व्हॅल्यू ८ इज ऑब्सोलीट’ ही फक्त सूचना आहे. तिच्यामुळे बिल्ड थांबत नाही. बिल्ड पडलं असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

गैरसमज: कॅश उडवा, सगळं पुन्हा इन्स्टॉल करा

ग्रेडलचं कॅश फोल्डर उडवल्याने जावाचा पत्ता बदलत नाही. ‘फ्लटर क्लीन’नेही नाही, स्टुडिओच्या ‘इन्व्हॅलिडेट कॅशेस’नेही नाही. सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरतात आणि तोच एरर पुन्हा येतो. स्टुडिओ पुन्हा टाकला तर तेच जेबीआर पुन्हा येतं. जावा बदलल्यावर एवढं मात्र करावं: ग्रेडल रॅपरला ‘--स्टॉप’ सांगून मागे चालू राहिलेल्या ग्रेडलच्या प्रक्रिया, म्हणजे डेमन, बंद करावेत.

छोटे गैरसमज आणखी आहेत. ऑरेकलचंच जावा लागतं, असं मुळीच नाही. टेम्युरिन, कोरेटो, झुलू ही सगळी ओपनजेडीकेच्याच कोडवरून तयार होतात आणि मोफत मिळतात. जावा_होमचा पत्ता ‘बिन’ फोल्डरापर्यंत द्यायचा नसतो, त्याच्या एक पायरी वर थांबायचं. बिनपर्यंत दिला की रॅपर ‘इनव्हॅलिड डिरेक्टरी’ म्हणून थांबतो. जावा बदललं तर ॲपची सही बदलेल आणि प्ले स्टोअर अपडेट नाकारेल, ही धास्तीही चुकीची. सही ज्या चावीने होते ती कीस्टोअर फाइलमध्ये असते आणि डीबगची कीस्टोअर तुमच्या होममधल्या ‘.अँड्रॉइड’ फोल्डरात. जेडीके काढलं-टाकलं तरी त्यांना धक्का लागत नाही.

मग नेमकं करायचं काय

एरर शेवटपर्यंत वाचा आणि त्यातला आकडा शोधा. ४४ वजा करा. जावा नवं आहे की जुनं, ते ठरवा. मग प्रोजेक्टमधले दोन आकडे पाहा. ग्रेडलचा आकडा अँड्रॉइड फोल्डरातल्या ‘ग्रेडल’, त्यातल्या ‘रॅपर’ फोल्डरातल्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये, ‘डिस्ट्रिब्यूशन यूआरएल’च्या ओळीत. प्लगइनचा आकडा ‘सेटिंग्ज.ग्रेडल’मध्ये, जुन्या प्रोजेक्टमध्ये ‘बिल्ड.ग्रेडल’मध्ये. तिन्ही जुळतात का ते पाहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

स्टुडिओबरोबर येणारं जेबीआर हे पूर्ण जेडीके आहे, त्यात कंपायलरही असतो, त्यामुळे वेगळं जावा टाकायची सक्ती नाही. तरीही मी वेगळं जेडीके १७ टाकून त्याचा पत्ता पक्का करायला सांगेन, कारण स्टुडिओ अपडेट झाला की त्याच्या पोटातलं जावाही न विचारता बदलतं. पत्ता पक्का करायची सोय ग्रेडलमध्येही आहे: ‘ओआरजी.ग्रेडल.जावा.होम’ ही ओळ, जी जावा_होमवरही मात करते. पण ती प्रोजेक्टमधल्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहून गिटवर चढवू नका. तुमच्या सी ड्राइव्हमधला पत्ता टीममधल्या मॅकवाल्याकडे कुठून असणार? त्याचं बिल्ड पडेल आणि कारण सापडायला त्याचा दिवस जाईल. ती ओळ आपल्या होममधल्या ‘.ग्रेडल’ फोल्डरातल्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहा. तिथली ओळ प्रोजेक्टमधल्या ओळीपेक्षा वरचढ ठरते.

गिटवर चढवायची ती रॅपरची फाइल. आणि रीडमीत एक ओळ लिहा: या प्रोजेक्टला कोणतं जेडीके लागतं. पुढच्या वेळी कुणाकडे मदत मागाल तेव्हा लाल ओळीचा अर्धा स्क्रीनशॉट पाठवू नका. पूर्ण एरर, जावाचा पत्ता, ग्रेडलचा आकडा आणि प्लगइनचा आकडा, एवढं मजकुरात द्या. समोरच्याला उत्तर द्यायला तेवढं पुरतं.